अनुभव धागा : परगावाहून आलेली मुले, हेटाळणी आणि त्यांची उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबईतील माध्यमिक शाळांत नेपाळ, उत्तर प्रदेश, बंगाल, उत्तर कर्नाटक, मराठवाडा अशा ठिकाणांहून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले शिकतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत त्यांना वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. मात्र मागे राहिलेला अभ्यास आणि परकी भाषा यांमुळे ‘ढ’ असा शिक्का लगेच बसतो, आणि आडनावावरून, उच्चारांवरून चिडवणे सुरू होते. याला मुलांनी चित्रांतून, नाटकांतून, लेखनातून दिलेली उत्तरे ज्यांनी जवळून पाहिली असतील, त्यांनी येथे लिहावे. स्नेहसंमेलनातील प्रांतोप्रांतीच्या नृत्यांची वर्णने मात्र नकोत. त्यांना टाळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी चिडवणे पूर्ववत चालू राहते.

चित्रकला शिक्षिका, कोपरखैरणे :
नववीतल्या एका नेपाळी मुलाला वर्गात सगळे ‘बहादूर’ म्हणत, कारण त्याचे वडील जवळच्याच सोसायटीत रखवालदार आहेत. भित्तिपत्रकासाठी त्याने जी चित्रकथा काढली, तिची मांडणी गेटवरच्या नोंदवहीसारखी होती : नाव, गाडीचा क्रमांक, वेळ, कोणाकडे जायचे, सही. पाहुण्यांच्या नोंदींमध्ये त्याने वडिलांच्याही नोंदी घातल्या. ‘रात्री २.१०, पंप सुरू केला.’ ‘३.४०, बी विंगच्या आजोबांसाठी रुग्णवाहिका आत घेतली.’ ‘कोणाकडे जायचे’ या रकान्यात वडिलांच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘कोणाकडेच नाही’ असे लिहिले होते. त्या सोसायटीत राहणारी मुले आमच्याच वर्गात आहेत. त्यांनी चित्रांत आपापली विंग शोधून काढली. त्यानंतर सर्वांनी त्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली असे लिहायला मला आवडले असते, पण तशी ती दोघा-तिघांनीच मारली.

माजी विद्यार्थी, तुर्भे :
आमचे कुटुंब विजयपूरकडचे बंजारा. आईवडील दगडखाणीत कामाला होते, म्हणून शाळेत आम्ही ‘दगडफोडे’. विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी सौरचूल सुचवली होती. आम्ही खाणीतल्या मुलांनी त्याऐवजी डबर (मोठे दगड), खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) यांचे ढीग मांडले, इमारतीच्या पायात काय जाते, स्लॅबमध्ये काय जाते ते पुठ्ठ्यावर लिहिले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या इमारतीचे नाव चिठ्ठीवर लिहून ढिगात खोचायला सांगितले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. तेव्हापासून उभ्या राहिलेल्या या शहराला पारसिकच्या डोंगराने किती दगड पुरवला, याचा विचार पाहुण्यांनी तिथे बहुधा प्रथमच केला असावा. परीक्षकांनी ‘यात विज्ञान कुठे आहे?’ असे विचारले, तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने लाव्हा थंड होऊन बेसाल्ट कसा तयार होतो ते सांगितले. बक्षीस सौरचुलीलाच मिळाले.

पालक, ऐरोली :
मुलीच्या वर्गात पश्चिम बंगालमधल्या मालद्याहून आलेली एक मैत्रीण आहे. तिला ‘बांगलादेशी’ म्हणत, म्हणून तिने गावच्या शाळेवर आणि आंब्याच्या बागांवर निबंध लिहिला. तो फलकावर लावायचे ठरताच वडिलांनी काढून घेतला. अशा वातावरणात नाव चारचौघांत नको, हे त्यांचे म्हणणे मला पटले. मुलांना व्यक्त व्हायला सांगणाऱ्यांनी हा धोका आधी घरच्यांशी बोलून घ्यावा.

नाट्यशिबिरातील कार्यकर्ती, ठाणे :
रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, त्यात वस्त्यांमधील मुले आपल्या जगण्यातून नाटिका उभ्या करतात. त्याच धर्तीवर आमच्या मुलांनी ‘भय्या’ म्हणून होणाऱ्या अपमानावर नाटिका बसवली. तालमीत उत्तर प्रदेशातल्या मुलांनी सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी मुलीचे पात्र आणले, तेही चोरटे आणि हसण्यासाठी! आमच्यातली एक पारधी मुलगी तालीम थांबवून म्हणाली, ‘तुमचं रडगाणं खरं आणि माझी मात्र गंमत?’ बराच वाद झाला. शेवटी तो प्रवेश तिनेच नव्याने लिहिला, आणि त्यात गजरेवालीची टिंगल करणारा मुलगा म्हणून त्याच भय्याला उभे केले. नाटिका लांबली; तरी मुलांनी तो प्रवेश कापू दिला नाही.