इस्राएलचे बारा वंश बाहेरून आले, की कनानच्या डोंगरातच घडले?

खापरतुकडा:
परवा एका स्नेह्यांकडे जेवताना विषय निघाला. ते म्हणाले, "बायबलमधल्या यहोशवानं यरीहो शहर जिंकल्याचे पुरावे सापडलेत ना?" मी म्हटलं, सापडलंय ते नेमकं उलटं. आमटी गार झाली, वाद मिटला नाही, म्हणून धागा काढतोय.

याकोबाचे बारा मुलगे, त्यांचे बारा वंश, मिसरातली (म्हणजे इजिप्तमधली) गुलामी, मोशेबरोबर सुटका आणि मग मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यानं कनानवर, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भूमीवर, केलेली स्वारी, हा बायबलमधला क्रम आपल्याला ठाऊक असतो. माझ्या मते हा घडलेल्या गोष्टींचा क्रम नाही. हे लोक मुळात कनानीच होते. एकत्र आल्यावर त्यांनी आपली वंशावळ जुळवली.

पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोत उत्खनन केलं. मोठं तटबंदीचं शहर इ.स.पू. १५५० च्या सुमारासच पडलेलं निघालं. यहोशवाला बहुतेक अभ्यासक इ.स.पू. तेराव्या शतकात ठेवतात, आणि त्या वेळी तिथे पाडायला तटच उरला नव्हता. यहोशवानं जिंकल्याचं सांगितलेलं दुसरं शहर, आय, तर त्याच्याही आधी हजारभर वर्षं ओस पडलं होतं.

आता डोंगराकडे या. १९६७ नंतर मध्य पहाडी भाग पायी फिरून धुंडाळला गेला. कांस्ययुगाच्या अखेरीस तिथे पंचवीस-तीस वस्त्या होत्या. इ.स.पू. १२०० नंतरच्या दोन शतकांत त्या अडीचशेच्या घरात गेल्या. बहुतेक वाड्या लहान, तट नाही, राजवाडा नाही. पाण्याची टाकी, उतारावर बांध घालून केलेली शेती आणि गळ्याशी कडं असलेले मोठे रांजण. ही भांडी खालच्या कनानी गावांतल्या घडणीतूनच आलेली दिसतात. हिब्रू ही कनानी बोलींपैकीच एक, यशयाच्या पुस्तकात तिला 'कनानची भाषा' म्हटलंय. आणि 'इस्राएल' या नावातला देव कोण? एल. कनानी देवांचा म्हातारा प्रमुख. यहोवा त्या नावात नाहीच.

पायवाट:
वा! यरीहो आणि आय सांगितलंत, यहोशवानंच जाळल्याचं सांगितलेलं हासोर मात्र सोयीस्कर विसरलात. इ.स.पू. तेराव्या शतकात ते शहर भयंकर आगीत जळालं. मूर्तींची डोकी आणि हात तोडलेले सापडले. तिथे अनेक वर्षं खोदणाऱ्या आम्नोन बेन-तोर यांचा संशय इस्राएली लोकांवरच होता.

दुसरं, कुठला समाज आपले पूर्वज गुलाम होते अशी गोष्ट रचेल? आपल्याकडे प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष सरदार नाहीतर ऋषी निघतो. शिवाय मोशे, फिनहास, हफनी ही बायबलमधल्या इस्राएली माणसांची नावं मिसरी आहेत. ती काय वाऱ्यावर उडत आली?

खापरतुकडा:
हासोर जळालं हे खरं. पण यहोशवाच्या पुस्तकात मारला गेलेला हासोरचा राजा याबीन त्यापुढच्या शास्ते या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पुन्हा राज्य करताना भेटतो. दोन याबीन मानायचे की दोन कथा, तुम्ही ठरवा.

मिसरी नावांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. एखादा छोटा जथा तिकडून आला असेल आणि त्याची आठवण पुढे सगळ्यांची झाली असेल, इथवर मी यायला तयार आहे. पण सुटकेची गोष्ट सांगणाऱ्या निर्गमाच्या पुस्तकात नुसते पायी चालणारे पुरुष सुमारे सहा लाख आहेत. बायकापोरं धरली तर वीस लाखांच्या वर. त्या अडीचशे वस्त्यांतली सगळी माणसं पुरातत्त्वज्ञ इस्राएल फिंकेलस्टाइन यांच्या अंदाजानं पंचेचाळीस हजारांच्या आसपास भरतात.

आणि मिसरची गुलामी भोगायला मिसरला जायची गरज नव्हती. कनान स्वतःच शतकानुशतकं मिसरच्या अमलाखाली होता. बेथ-शानला त्यांची छावणी होती. इ.स.पू. बाराव्या शतकात ती सत्ता गुंडाळली गेली. 'मिसरच्या हातून सुटलो' असं घरबसल्याही म्हणता आलं असतं.

कडेलोट:
शेवटचं वाक्य आवडलं, पण पटलं नाही. मग वाळवंटातली चाळीस वर्षं कशाला घातली?

डुकराच्या हाडांवर कुणी बोलत नाही? पहाडी वस्त्यांत ती जवळपास नाहीत, किनाऱ्यावरच्या पलिष्ट्यांच्या, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंच्या, शहरांत भरपूर. म्हणजे वेगळेपण पहिल्यापासून होतं.

खापरतुकडा:
पलिष्टी सोडले तर त्या काळात खालच्या कनानी गावांतही डुक्कर फारसं नव्हतं. पुढे उत्तरेच्या इस्राएल राज्यातल्या काही शहरांत ते वाढलेलंही दिसतं. हाडांवरून जात ठरवू नका, घात होतो.

ओवी:
खापरतुकडा, तुम्ही एक मोठा दगड ओलांडून पुढे गेलात. मिसरचा फारो (राजा) मर्नेप्ताह याचा शिलालेख. फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये थीब्जला मिळालेला, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा. त्यात अश्कलोन, गेजेर, यनोआम या कनानी शहरांच्या नावांपुढे ठिकाणाची खूण आहे. इस्राएलपुढे मात्र माणसांची. म्हणजे तुमच्या बहुतेक वाड्या वसायच्या आधीच त्या नावाचे लोक होते, आणि फारोच्या लेखनिकाला ते माहीत होते. मग 'डोंगरात घडले' कसं?

पण बारा या आकड्याबाबत मी तुमच्या बाजूला. आपल्या शहाण्णव कुळींसारखंच आहे हे: आकडा पक्का, यादी हलती. लेवी आत असला की योसेफ एक. लेवी बाहेर काढला की योसेफाचे एफ्राईम आणि मनश्शे असे दोन होतात. 'अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायात शिमोनच गळालाय. शास्तेमधलं दबोरेचं विजयगीत बायबलमधल्या सगळ्यात जुन्या काव्यांत मोजतात. त्यात दहाच नावं आहेत. यहूदा, शिमोन, लेवी यांचा पत्ता नाही. मनश्शे आणि गाद यांच्या जागी माखीर आणि गिलाद. आणि काय खरडपट्टी काढलीये बाईनं! दान जहाजांपाशी का थांबला, आशेर किनाऱ्यावर का बसला, रऊबेन मेंढवाड्यात शीळ ऐकत का राहिला!

बन्यामीन म्हणजे 'दक्षिणेचा पुत्र', आणि तो एफ्राईमच्या दक्षिणेलाच आहे. देशस्थ-कोकणस्थ तसं हे. आधी राहण्याची जागा, मग आजोबा.

रेवदंड्याचा:
आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावला फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, हे सगळं आजीकडून ऐकलेलं. माझे मामा ठामपणे म्हणायचे की आपण हरवलेल्या दहा वंशांपैकी. त्यांचा पुरावा असा की आमच्याकडे पूर्वी हनुक्का नव्हता, म्हणजे तो सण सुरू व्हायच्या आधीच आपण निघालो. खापरतुकडा, यावर काय म्हणाल?

खापरतुकडा:
रेवदंडेकर, जपूनच बोलतो. सण नसणं म्हणजे आधी निघणं असंच नाही; शतकानुशतकं एकटं राहिल्यावर सण विसरतातही. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात तुमच्या समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे दिसले. पण वंश कोणता, ते रक्त सांगत नाही. दहा वंश 'हरवले' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. हे दहा वंश उत्तरेच्या इस्राएल राज्यातले. त्याची राजधानी शोमरोन पडल्यावर अश्शूरचा राजा दुसरा सर्गोन यानं २७,२९० माणसं नेल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. बाकीचे बरेच तिथेच राहिले, काही दक्षिणेला यहूदात उतरले.

रेवदंड्याचा:
मामांना हे सांगायची हिंमत कुणात नव्हती. असो. शमाची प्रार्थना आणि शनिवार टिकला, मला तेवढं पुरे.

पायवाट:
एक प्रश्न राहिलाच. वंशावळ मागाहून सोयीनं जुळवली असेल, तर थोरला मुलगा रऊबेन कसा? तो वंश लवकरच नाहीसा झाला. दीबोनला १८६८ मध्ये सापडलेल्या, मवाबाचा राजा मेशा याच्या शिलालेखात, म्हणजे इ.स.पू. नवव्या शतकात, 'गादचे लोक अटारोथमध्ये पूर्वापार राहत होते' असं आहे. रऊबेनचं नावसुद्धा नाही, आणि नबो वगैरे गावं तर त्याच्याच वाट्याची. सोयीनं लिहिणारा माणूस यहूदाला थोरला करील, नाहीतर योसेफाला. विझलेल्या घराला थोरलेपणाचा मान का देईल? ही जुनी आठवणच असणार.

खापरतुकडा:
याला माझ्याकडे उत्तर नाही. सोयीनं लिहिलं असतं तर असं लिहिलं नसतं, हे मान्य. पण ही आठवण यार्देन नदीच्या पूर्वेकडची, म्हणजे रऊबेनच्या मुलखातली आहे, मिसरची नव्हे. उद्या दबोरेचं गीत पुन्हा वाचतो आणि मेंढवाड्याच्या ओळीवर लिहितो.