संरक्षित वाळूबेटावर आणि जायकवाडीच्या काठावर जिओकॅशिंग करता येईल का?

भटकंती_संभाजीनगर (प्रश्न)

नमस्कार. माझी बहीण टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्ती येथे राहते आणि मे-जूनमध्ये आम्ही सहकुटुंब तिच्याकडे जाणार आहोत. तिथून जवळच पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअर हा संरक्षित किनारा आहे. माझ्या दोन्ही मुलांना जिओकॅशिंगची, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली डबी शोधून आतल्या वहीत नाव लिहिण्याची आणि डबी पुन्हा जागच्या जागी ठेवण्याची, फार आवड आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांमध्ये आपली एक डबी ठेवावी, असे मुलांच्या मनात आहे. परत आल्यावर पैठणला जायकवाडीच्या काठावर शाळेतील मुलांसाठी अशाच काही डब्या ठेवाव्यात, असाही विचार आहे. दोन्हीकडे नियम काय आहेत आणि परवानगी कोणाकडे मागावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लातूरकर_ह्यूस्टन

पाद्रे बेटावर डबी ठेवण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगेन. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातील जागेत त्या उद्यानाच्या अधीक्षकांच्या परवानगीशिवाय डबी ठेवता येत नाही आणि चोवीस तासांपेक्षा जास्त काळ बेवारस राहिलेली वस्तू तेथील कर्मचारी नियमानुसार जप्त करू शकतात. शिवाय डबी ठेवणाऱ्याने तिची वेळोवेळी देखभाल करावी, ती भिजली किंवा हरवली तर बदलावी, अशी या खेळाचीच अट असल्यामुळे सुट्टीत आलेल्या पाहुण्याने ठेवलेली डबी सहसा मंजूर होत नाही. खड्डा खणून डबी पुरण्यास तर खेळाच्या नियमांतच मनाई आहे.

मात्र मुलांचा हिरमोड होण्याचे काही कारण नाही. २००४ पासून 'अर्थकॅश' नावाचा एक प्रकार सुरू आहे. त्यात डबी नसतेच. दिलेल्या ठिकाणी जाऊन तेथील भूरचना नीट पाहायची, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ते ठिकाण नोंदवणाऱ्याला पाठवायची आणि मग आपली भेट नोंदवायची, अशी त्याची रीत आहे. अशी ठिकाणे जिओकॅशिंगच्या अ‍ॅपच्या नकाशावर वेगळ्या चिन्हाने दिसतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या परिसराचा नकाशा पाहून ठेवा.

भूगोल_शिक्षिका_परभणी

डबी का नको, हे मुलांना समजावून सांगितले तर ती अधिक आवडीने पाहतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पाद्रे बेट हे लाटांनी आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी आणून टाकलेल्या वाळूचे, किनाऱ्याला समांतर पसरलेले लांबट बेट आहे. त्याचा सुमारे ११० किलोमीटरचा पट्टा १९६२ पासून संरक्षित असून वस्ती न झालेल्या अशा बेटांमध्ये तो जगात सर्वांत लांब मानला जातो. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये लागुना माद्रे हे खाजण आहे. तिथे नद्यांचे पाणी फार थोडे येते आणि बाष्पीभवन मात्र भरपूर होते, त्यामुळे त्याचे पाणी समुद्राहूनही खारट असते.

वाळूच्या टेकड्या जागेवर धरून ठेवणारे तेथील गवत वारा आणि खारे फवारे सोसते, पण माणसाची पायपीट त्याला सोसत नाही. फोनवरचा बाण सरळ रेषेत चालायला लावतो आणि जीपीएस काही मीटर चुकतेच, त्यामुळे डबी शोधायला येणारा प्रत्येक जण त्याच उतारावरून चढतो आणि वर गेल्यावर त्याच चार-पाच मीटरच्या घेरात घुटमळतो. तेवढ्याने गवत मरते, उघडी पडलेली वाळू वाऱ्याने उडून टेकडीत खिंड पडते आणि वादळात लाटा नेमक्या त्या खिंडीतून आत घुसतात. डबी उचलून नेता येते, पडलेली वाट मात्र पुढे वर्षानुवर्षे राहते.

मुलांना आखून दिलेल्या वाटेनेच न्या आणि पाण्याजवळची चिमूटभर वाळू व वाटेवर टेकडीवरून उडून आलेली वाळू दोन तळव्यांवर शेजारी-शेजारी ठेवायला सांगा. एकीकडे शिंपल्यांचे तुकडे असतील आणि दुसरीकडे वाऱ्याला उचलता येतील इतकेच बारीक कण असतील. असे का, हे त्यांनाच शोधू द्या.

पक्षीनिरीक्षक_पैठण

ताईंनी वाटेबद्दल जे लिहिले, ते आमच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, काठालाही लागू पडते. जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत आणि तिथे कचरा टाकण्यासही मनाई आहे, त्यामुळे वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तिथे काहीही ठेवू नये.

मला मात्र कायद्याहून मोठी काळजी घरट्यांची वाटते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या खडकाळ काठावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते. घरटे म्हणजे चार खड्यांमधला एक उथळ खळगा असतो आणि मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी आजूबाजूच्या दगडांत इतकी मिसळून जातात की जवळ उभ्या असलेल्या माणसालाही ती दिसत नाहीत. ज्याची नजर फोनच्या बाणावर खिळली आहे, त्याच्या पायाखाली ती सहज येऊ शकतात. आणखी एक गोष्ट म्हणजे बेवारस डबा दिसला की आपल्याकडे लोक पोलिसांना कळवतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा डब्या शाळेच्या आवारात किंवा मालकाच्या संमतीने एखाद्या शेतात ठेवा आणि त्यावर शाळेचे नाव ठळक लिहा. अभयारण्यात दुर्बीण घेऊन हिवाळ्यात या. तेव्हा चक्रवाक, पट्टकादंब आणि रोहित (फ्लेमिंगो) हे पाहुणे आलेले असतात.

भटकंती_संभाजीनगर

सर्वांचे मनापासून आभार. बेटावर डबी ठेवणार नाही आणि पैठणचा उपक्रम शाळेच्या आवारातच करू. पाद्रे बेटावर समुद्री कासवे दिसतात असे बहिणीने सांगितले आहे. त्यासाठी काही वेगळे करावे लागते का?

लातूरकर_ह्यूस्टन

केम्प्स रिडली ही अत्यंत दुर्मीळ कासवे तिथे एप्रिल ते जुलै या काळात, आणि बहुतेक वेळा दिवसाढवळ्या, वाळूत अंडी घालतात. १९७८ ते १९८८ या काळात मेक्सिकोतील रांचो नुएव्होहून अंडी आणून या किनाऱ्यावर त्यांची वीण पुन्हा वाढवण्याचे प्रयत्न झाले. कासव किंवा त्याचा माग दिसला तर दूर उभे राहून लगेच उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवा आणि माग पुसू देऊ नका, कारण त्यावरूनच ते घरटे शोधतात. उद्यानात उबवलेली पिले साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत पहाटे समुद्रात सोडली जातात आणि हा कार्यक्रम काही वेळा लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. दिवस आधी ठरवता येत नाही, म्हणून जूनमध्ये तिथे असाल तर आदल्या रात्री उद्यानाची सूचना पाहून ठेवा आणि अंधार असतानाच घर सोडा.