वादळात लाईट गेली तर ऑक्सिजनच्या मशीनचं काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वादळाचा इशारा आला आहे आणि मला घोर लागलाय तो बाबांच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन). मशीन मिनिटाला ५ लिटरचं आहे, ३५० वॅटच्या आसपास वीज खातं आणि जवळजवळ दिवसभर लागतं. इन्व्हर्टरला १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी आहे. कागदावर १८०० वॅट-तास होतात, पण इन्व्हर्टरमधली घट धरली आणि बॅटरी पार रिकामी करायची नाही म्हटलं, तर साडेतीन तास चाललं तरी खूप. खांब पडले, तारा तुटल्या तर एवढ्यावर निभणार नाही.

शेजारी त्यांचा जनरेटर द्यायला तयार आहेत. बाल्कनीत ठेवू म्हणतात, पण मला धास्ती वाटते. शिवाय आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. घरी असा पेशंट सांभाळलेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय सोय केलीत? टॉर्च, पाणी, चार्जिंग हे सगळं झालंय.

प्रतिसाद:
बाल्कनीत अजिबात नको! जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, घरात शिरला तरी कळत नाही. दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, उघड्यावर आणि कोरडा राहील असा ठेवा. तसं जमत नसेल तर तो नाद सोडा.

तुमचा खरा आधार ऑक्सिजनचा सिलिंडर. १५०० लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साधारण १२ तास पुरतो. फ्लो किती ठेवायचा ते डॉक्टरांना आजच विचारा. रेग्युलेटर (फ्लो कमी-जास्त करायचा नळ) आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा आणि लाईट असतानाच एकदा जोडून बघा. त्या खोलीत मेणबत्ती लावू नका, ऑक्सिजनजवळ आग झपाट्याने भडकते.

फ्रीज बंद ठेवला तर चारेक तास गार राहतो. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाला काही आठवडे टिकतं, पाकिटावरची सूचना वाचा. न उघडलेलं थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. बाबांचा फ्लो २ वरच आहे, सिलिंडर आत्ताच सांगतो. लाईट आली की लगेच मशीनवर घ्यायचं का?

प्रतिसाद:
लगेच नको. मशीनला पूर्ण शुद्धतेचा ऑक्सिजन द्यायला काही मिनिटं लागतात. ते आधी चालू करा, तोवर बाबांना सिलिंडरवरच राहू द्या.