नावाजलेला अल्बम एकदा ऐकून ‘नाही आवडला’ म्हणायचा हक्क आहे की नाही?

जागल्या (धागाकर्ता):

हरभरा फुलावर आला की आमच्याकडे, दारव्हा तालुक्यात, रात्री वावरात जागल करावीच लागते. एकीकडून रोही, दुसरीकडून रानडुक्कर. त्यात थ्री फेज लाईन रात्रीची, म्हणजे ओलीतही रात्रीच. यंदा ठरवलं की रील बघत बसण्यापेक्षा ज्या अल्बमांची नावं जो तो घेतो, ते अख्खे ऐकून टाकायचे. नियम दोन. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता. आणि ऐकायच्या आधी त्याबद्दल काही वाचायचं नाही. गाण्यातलं मला कळत नाही. गावच्या भजनी मंडळात टाळ धरतो, तेवढंच.

माइल्स डेव्हिस, ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. जॅझमधला सर्वांत थोर म्हणे. पहिल्याच गाण्यात दोन सूर वाजतात, मग नुसती शांतता, मग परत तेच दोन सूर. वाटत राहिलं, आता सुरू होईल, मग सुरू होईल. ट्रम्पेटवाला घाईत नाही हे आवडलं. पण पाऊण तासानं बंद झालं तेव्हा एकही जागा डोक्यात उरली नव्हती.

पिंक फ्लॉइड, ‘द डार्क साइड ऑफ द मून’, १९७३. सुरुवातीला काहीच ऐकू येईना, मला वाटलं नेट गेलं. पुढे एका ठिकाणी जगातली सगळी घड्याळं एकदम ठणाणा वाजायला लागली. मी मचाणावर उठून बसलो आणि पलीकडच्या धुऱ्यावरचं कुत्रं जे भुंकायला लागलं ते दोन गाणी होईपर्यंत थांबलं नाही. गल्ल्याच्या खणखणाटावर ताल धरलाय ते गाणं मात्र झकास. मधे एक बाई शब्दांविना नुसती ओरडत राहते, ते कशासाठी कळलं नाही.

मायकल जॅक्सन, ‘थ्रिलर’, १९८२. नऊ गाणी, एकही पुढे ढकलावंसं वाटलं नाही. विषय संपला.

‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात उभा केलाय हे मला नंतर कळलं. ऐकताना एवढंच जाणवलं की पहिल्या तुकड्यात उजाडतंय. घड्याळात रात्रीचा एक. (आमच्या वावरात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगराचा दिवस इतका निवांत नसतो, ती गोष्ट वेगळी.)

‘शिवकल्याण राजा’, १९७४. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत, राज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षी काढलेला. हा आजवर चौकातल्या भोंग्यावरून तुकड्यातुकड्यानं कानावर पडलेला. सलग ऐकला तेव्हा समजलं, भोंगा त्याची किती वाट लावतो.

तर माझं म्हणणं असं. जे चांगलं आहे ते न सांगता पोचतं, वरच्या पाचातल्या तिनांनी दाखवून दिलं. जे समजायला आधी पुस्तक वाचावं लागतं ते थोर असेल, पण माझ्यासाठी नाही. लोक म्हणतात म्हणून उसनं कौतुक मी करणार नाही. बोला.

खर्जातला:

ऐकलं कशावर? मोबाईलच्या स्पीकरवर असेल तर हे मत अल्बमबद्दल नाही, स्पीकरबद्दल आहे.

‘सो व्हॉट’, म्हणजे तुमचं ते दोन सुरांचं गाणं, त्याची धून पॉल चेंबर्स बासवर, म्हणजे खर्जातल्या तंतुवाद्यावर, वाजवतो. बास विचारतो, बाकीची वाद्यं दोन सुरांत उत्तर देतात. नखाएवढ्या स्पीकरमधून बास येतच नाही. तुम्ही लिहिलंय ‘नुसती शांतता’. अहो, तिथेच तर गाणं आहे! तुम्ही प्रश्न गाळून फक्त उत्तरं ऐकलीत आणि म्हणता संभाषणात दम नाही.

‘डार्क साइड’चंही तेच. सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत, हळूहळू वर येणारे. नेट कुठेही गेलं नव्हतं.

आणि ‘शिवकल्याण राजा’ची भोंगा वाट लावतो हे तुम्हीच लिहिलंय. मग मोबाईलला वेगळा न्याय का?

जागल्या:

कारण लोकांच्या हातात मोबाईलच आहे. जागलीला दोन्ही कानांत बोळे घालून बसलो तर डुक्कर पाठीशी येऊन उभं राहील तरी कळणार नाही. नागपुरात बंद खोलीत बसून ऐकणं ज्याला जमतं त्यानं खुशाल ऐकावं, पण मत द्यायचा परवाना त्यालाच, असं कसं?

तुमचं वाचून मी थोडं शोधलं. (नियम ऐकण्याआधी न वाचण्याचा आहे, नंतरचा नाही.) ‘काइंड ऑफ ब्लू’ रेकॉर्ड करताना टेपचं मशीन जरा हळू फिरत होतं. म्हणून तव्याची (रेकॉर्डची) पहिली बाजू बाजारात आली ती मुळापेक्षा किंचित चढ्या सुरात. दुरुस्ती झाली १९९० च्या दशकात. म्हणजे तीस वर्षं जगभरचे जाणकार चढी रेकॉर्ड ऐकून माना डोलवत होते, आणि थोर आहे हे त्यांनी तीच ऐकून ठरवलं. त्यांचं मत चाललं, माझं काहून चालत नाही?

खर्जातला:

चिमूटभर चढी रेकॉर्ड आणि अख्खं वाद्य गायब, यात फरक आहे. मुद्दा चतुर आहे, लागू नाही.

यष्टीस्टँड:

यादीत जगजित-चित्रांचा ‘द अनफर्गेटेबल्स’ (१९७६) नाही, सबब हा धागा मी गंभीरपणे घेत नाही.

जागल्या:

ऐकला. पहिल्या तीन गझला जागं ठेवतात, पुढच्या थोपटून झोपवतात. जागलीला कामाचा नाही.

गायनपार्टी:

भाऊ हो, तुमचं दोघायचं भांडण वाचून रायलो. मले एक सांगा, अल्बम हे माप आलं कुठून? तव्याच्या एका बाजूले वीस-बावीस मिनिटं मावत, म्हणून अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटाचा. त्याच्या आंधी मिनिटाले ७८ फेऱ्यायचा तवा होता, त्यावर तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून गाणं तीन मिनिटाचं. कंपनीच्या मापाले तुमी अभिजात म्हणता, अन् जागल्या भाऊनं त्यावर नियमबी केला, पयल्यापासून शेवटपर्यंत, मधात काही गाळाचं नाही. काऊन? कोणी सांगतलं?

आमच्या गावात १४ एप्रिलले गायन पार्टी बसली का तांबडं फुटल्याशिवाय उठत नाही. लोकायनं म्हटलं तं एकच गाणं तीनदा होते. नाही जमलं तं गायक दुसऱ्या कडव्यावरच सोडते. कोणतं गाणं कोणत्या नंबरवर, हे समोर बसलेली बाईमाणसं ठरवतात. वामनदादा कर्डकायची गाणी आंधी वहीत उतरली, तोंडोतोंडी गावोगाव गेली, कॅसेट मांगून आली. मोझरीले राष्ट्रसंतायच्या पुण्यतिथीले जाऊन खंजिरी भजन आयका, त्याच्यावर कवरचा फोटो नाही अन् साइड ए-साइड बी नाही.

जागल्या भाऊ, तुमी यवतमाळ जिल्ह्यातले. पाच अल्बम आयकले, त्यात इकडच्या मातीतलं एकबी नाही. उसनं कौतुक करत नाही म्हणता, मंग यादी कायले उसनी आणली?

खर्जातला:

माप कंपनीचं, मान्य. पण त्या मापात काय केलं ते कलाकाराचं. ‘डार्क साइड’मध्ये एक गाणं दुसऱ्यात शिरतं, मध्ये जागाच ठेवलेली नाही. शेवटी परत तेच ठोके येतात. हे गाळून-निवडून ऐकलं तर उरतं काय? अभंगालाही चरणाचं माप आहेच की. म्हणून तुकोबांना कुणी मापात अडकलेला माणूस म्हणत नाही.

गायनपार्टी:

तुकोबाचे अभंग लोकं पाहिजे त्या क्रमानं म्हणतात, सर. गाथा पयल्या पानापासून शेवटपर्यंत गाऊन दाखवा, मंग बोलू.

वणीकर ताई:

‘एक बाई ओरडते’ या ओळीवर बोलायचं आहे, बाकी तुमचं चालू द्या.

तिचं नाव क्लेअर टॉरी. गायला शब्द दिलेच नव्हते. १९७३ च्या जानेवारीत स्टुडिओत बोलावलं, ती गायली, ३० पौंड बिदागी घेऊन घरी गेली. पुढे तव्यामागून तवे खपले, गाणं पिंक फ्लॉइडमधल्या रिचर्ड राइटच्या एकट्याच्या नावावर राहिलं. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हा कुठे रचनाकार म्हणून तिचं नाव जोडलं गेलं.

आता मी हे ऐकलं कुठे? स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवलेल्या मोबाईलवर. मुलानं लावून ठेवलं होतं आणि तो बाहेर निघून गेला होता. तो आवाज चढत जातो, मग एकदम दमून खाली बसतो, जवळजवळ कण्हल्यासारखा. मी हातात उलथनं घेऊन उभी. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला. नाव-गाव-खटला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, सगळं मागून वाचलं.

म्हणजे खर्जातले सर, दोष स्पीकरचा नाही. आणि जागल्या दादा, दोष न शिकलेल्या कानाचाही नाही. बाईचा आवाज टिपेला गेला की तुम्हाला ओरडणं वाटतं, ते का, हे तुमचं तुम्ही बघा.

जागल्या:

ताई, बाई-पुरुष मधे आणू नका. ‘शिवकल्याण राजा’त लताबाईंचा आवाजही टिपेला जातो, तिथे मला काही खटकलं नाही. शब्द होते, धरायला काही होतं. तिला ३० पौंडच मिळाले हे वाईटच झालं. पण त्यानं गाणं आवडायला लागेल असं नाही ना? उलट माझाच मुद्दा झाला. तुम्हाला न सांगता पोचलं, मला नाही पोचलं. दोघंही खरं बोलतोय.

वणीकर ताई:

लताबाईंना शब्द होते, टॉरीला नव्हते. शब्दांशिवाय बाईनं आवाज लावला तर ‘धरायला काही’ नाही, हेच तर म्हणतेय मी. असो. भाकरी माझी करपली, तुमची नाही.

रूपकसात:

मी तबला वाजवतो, भजनातही आणि जमलं तर बैठकीतही. जागल्या भाऊंच्या मूळ नियमावरच माझा आक्षेप आहे.

गल्ल्याच्या खणखणाटाचं ‘मनी’ हे गाणं तुम्हाला आवडलं. ते सात मात्रांत आहे, आपल्या रूपक तालाच्या सात. गिटार सुरू होते तिथे चारावर जातं, आणि गाणं परत आलं की पुन्हा सातावर. रॉकमध्ये सात मात्रा फारशा सापडत नाहीत, कित्येक जण तिथे ठेका चुकतात. तुम्ही टाळ धरता, तुमच्या हाताला विषम मात्रा ओळखीच्या आहेत. म्हणून ते तुम्हाला ‘न सांगता’ पोचलं.

दुसरं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त तुम्हाला रात्री एक वाजता उजाडल्यासारखं वाटलं, कारण तो अहिर भैरव, सकाळचा राग आहे. त्याच्यासारखे सूर तुम्ही जन्मापासून सकाळीच ऐकलेत, काकड्यात, रेडिओवरच्या भक्तिगीतांत. शिकागोतल्या माणसाला तिथे उजाडेलच असं नाही. तुम्ही आधी काही वाचलं नाही म्हणता, पण त्या अल्बमचा अभ्यास तुमचा लहानपणापासून चालूच होता. जॅझचा नव्हता. बस, एवढाच फरक.

तेव्हा ‘चांगलं असेल ते आपोआप पोचतं’ हे मला पटत नाही. आपोआप पोचतं ते ओळखीचं. ‘सो व्हॉट’मध्ये एकच स्केल (सुरांचा ठरावीक संच) बराच वेळ धरून ठेवतात, मग सगळं अर्धा सूर वर सरकतं, थोडं तिथे राहून परत खाली येतं. हे सरकणं एकदा कानाला सापडलं की शांतता शांतता राहत नाही. त्याला पुस्तक लागत नाही. दुसऱ्यांदा ऐकावं लागतं, बस.

खर्जातला:

आणि बास ऐकू येणारं काहीतरी लागतं.

रूपकसात:

सर, तुमचं ते बरोबर आहे, पण ताईंच्या भाकरीचं तुम्ही अजून उत्तर दिलं नाही.

जागल्या:

रूपक भाऊ, तुमचा प्रतिसाद सगळ्यांत भारी. पण बघा, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलून गेलात. ओळखीचं ते पोचतं म्हणता, मग शिकागोतल्या माणसानं अहिर भैरव ऐकून ‘काही सुरूच होत नाही’ म्हटलं तर त्याचंही बरोबर. त्याचा कान त्याचा, माझा कान माझा. मग ‘जगातला सर्वश्रेष्ठ’ वगैरे याद्या कोणत्या कानानं करतात? मी दुसऱ्यांदा ऐकायला तयार आहे, पण ऐकावंसं वाटलं तर. कर्तव्य म्हणून नाही. थोर लोकांचं नाव आलं म्हणून आपण आपल्या आवडीची माफी मागत फिरायचं, हे मला जमत नाही.

गायनपार्टी:

मले तुमचं हे पटून रायलं होतं, पण आता एक इचारतो. त्या शिकागोवाल्यानं उद्या आमची १४ एप्रिलची पार्टी मोबाईलवर लावली, अन् दोन गाण्यात बंद करून लिवलं, ‘काही मजा नाही, एक माणूस ओरडून रायला’. तुमी काय म्हणान त्याले?

जागल्या:

म्हणीन, त्याची मर्जी.

गायनपार्टी:

मी नाही म्हणनार, भाऊ. मी म्हणीन, ये, मांडवात बस, रातभर आयक, मधात चहा आमचा, अन् मंग सकाळी बोल.