बंद कोळसा खाणींचं आम्लपाणी: चुना की पाणथळ?

शरयू:
कोळशासोबत पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. खाण बंद पडते, पंप थांबतात, बोगदे भरतात. हवा आणि पाणी लागून पायराइटपासून गंधकाम्ल बनतं, ओढ्यात उतरतं. पुढे तळाला नारिंगी गाळ, आणि मासे गायब. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने कोळशाच्या टनामागे शुल्क लावून जुन्या खाणींसाठी निधी उभा केला. २०२१ मध्ये आणखी सुमारे ११.३ अब्ज डॉलर मंजूर झाले. माझ्या मते हा पैसा चुन्याच्या प्रक्रिया केंद्रांवरच लावावा, म्हणजे पाण्यात चुना मिसळून आम्ल मारणाऱ्या केंद्रांवर. सामू (pH) बघून चुना कमीजास्त करता येतो. पावसात पाणी वाढलं तरी काम थांबत नाही.

रानवाट:
असहमत. पायराइट संपायला कित्येक दशकं, कधी शतकं लागतात. तोवर रोज चुना, वीज, माणसं कोण पुरवणार? चुनखडी भरलेले, हवा न लागणारे बंदिस्त चर आणि मुद्दाम बांधलेली पाणथळ हे काम उतारावर, विजेशिवाय करतात.

शरयू:
करतात, पण कुठल्याही पाण्यावर नाही. पाण्यात प्राणवायू असला की चुनखडीवर लोहाचं कवच चढतं आणि दगड आतून कोराच राहतो. ॲल्युमिनियम जास्त असेल तर चर तुंबतो. अशा ठिकाणी पाणथळ बांधणं म्हणजे पैसा ओढ्यात टाकणं.

रानवाट:
म्हणून तर आधी पाणी तपासायचं! खाणीतून येणारं सगळं पाणी आम्लधर्मी नसतं. काही पाण्यात मुळातच पुरेशी क्षारता, म्हणजे आम्ल मारायची ताकद असते, त्रास फक्त लोहाचा. तिथे हवा खेळवली, तळ्यात थांबवलं की लोह खाली बसतं. त्यात चुना ओतायचा कशाला?

गाळकरी:
दोघंही बांधकामावरच भांडताय. गाळ दोन्हीकडे साचतो, तो उपसायला पैसे कुठे आहेत? २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत राज्यांना २०२१ च्या निधीतला ३० टक्क्यांपर्यंत वाटा दीर्घकाळाच्या देखभालीसाठी राखून ठेवायची मुभा मिळाली. माझ्या लेखी नवीन केंद्रांपेक्षा ही तरतूद मोठी.

रानवाट:
गाळ विकताही येतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रूटाऊनला त्यातल्या लोहापासून रंगद्रव्य करायचा प्रकल्प आहे.

शरयू:
चांगलंच आहे, पण ते लोह भरपूर आणि बऱ्यापैकी शुद्ध मिळतं तिथे. बाकी ओढ्यांचं काय? त्या पाण्याला गिऱ्हाईक नाही म्हणून ते तसंच वाहू द्यायचं का? गाळकरी, राखीव निधीचं पटलं. क्षारता असलेल्या पाण्याला पाणथळ, हेही मान्य. खऱ्या आम्लपाण्याला मात्र चुनाच.