[पक्षी-सहल] मॉन्ट्रोजला शनिवारी नाही, रविवारी!

प्रेषक: मीनल (सहल-समिती)
बुधवार, रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाची शनिवारची शिकागोतली पक्षी-सहल रविवारवर ढकलली आहे. कोणी रुसलेलं नाही, कोणाचं मंगळागौरीचं जागरणही नाही. कारण फक्त वारा. शुक्रवारपर्यंत दक्षिणेचा वारा आहे, शनिवारी दिवसभर पाऊस, आणि संध्याकाळी वारा फिरून वायव्येचा होतोय. कॅनडाकडून खाली यायला टपून बसलेले पक्षी अशाच रात्रीची वाट बघत असतात. शनिवारी गेलो असतो तर छत्र्या धरून एकमेकांचीच तोंडं बघितली असती.

जमायचं सकाळी सव्वासातला, मॉन्ट्रोज पॉइंटवर. लेक शोर ड्राइव्हवरून मॉन्ट्रोजला उतरा आणि लेक मिशिगनच्या दिशेने सरळ या. पार्किंगला पैसे पडतात, ॲप आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. साडेनऊला तिथून जॅक्सन पार्क. घरी स्वेटर पुरेल असं वाटलं तरी जाकीट आणि कानटोपी घ्या, लेकवरचा वारा कोणाची भीड ठेवत नाही. दुर्बीण नसली तरी या, माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत.

– मीनल

प्रेषक: अप्पा (स्कोकी)
गुरुवार, सकाळी

मीनल,

शनिवारी रात्री भोंडला आहे हे समितीला ठाऊक आहे ना? खिरापत ओळखून घरी पोचायला अकरा वाजतात. त्यावर सव्वासात?

दुसरं. मे महिन्यात तू नेलं होतंस तेव्हा पिवळे, केशरी, निळे असे पक्षी होते, मान्य. पण ऑक्टोबरमधले सगळे मातकट. तसल्या चिमण्या माझ्या गॅरेजवर बसतात, त्याही फुकट.

तिसरं. जॅक्सन पार्कात विवेकानंदांचं भाषण झालं ती जागा कोणीतरी दाखवा. तेवढ्यासाठी येईन.

– अप्पा

प्रेषक: मीनल
गुरुवार, दुपारी

अप्पा, शेवटापासून सुरू करते. १८९३ चं जागतिक प्रदर्शन जॅक्सन पार्कात भरलं होतं हे खरं, पण सर्वधर्म परिषद तिथे नव्हती. ती झाली मिशिगन अव्हेन्यूवरच्या, आज आपण ज्याला आर्ट इन्स्टिट्यूट म्हणतो त्या इमारतीत. पार्कातलं वुडेड आयलंड मात्र त्या प्रदर्शनाच्या वेळचंच आहे. आपण तिथेच जाणार आहोत.

मातकट तर मातकट! पण तुमच्या गॅरेजवरची चिमणी म्हणजे आपली पुण्या-मुंबईचीच, एकोणिसाव्या शतकात माणसांनी युरोपातून इकडे आणून सोडलेली. आपल्यासारखीच बाहेरून आलेली. इथले मूळचे ‘स्पॅरो’ तिचे सख्खे सोडा, चुलतही नाहीत. ते आपल्या भारीटांच्या (बंटिंग) जवळचे. रविवारी पांढऱ्या गळ्याचा स्पॅरो नीट बघा, डोळ्यांपुढे पिवळा ठिपका, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे. मग बोलू.

आणि मॉन्ट्रोजच का, हे मागच्या वेळी कोणीतरी विचारलं होतं. हे पक्षी रात्री उडतात. पहाटे काही जण लेकवरच सापडतात, खाली नुसतं पाणी. मग किनाऱ्याकडे वळले की पाण्यात घुसलेलं हे टोक त्यांना आधी दिसतं. तिथली प्रसिद्ध झुडपांची रांग, मॅजिक हेज, कोणा पक्षीप्रेमीने लावलेली नाही. शीतयुद्धाच्या काळात तिथे क्षेपणास्त्रांचा लष्करी तळ होता. बराकी झाकायला सैन्याने झुडपं लावली, सैन्य गेलं, झुडपं राहिली. आजवर त्या टोकावर तीनशेहून जास्त जातींची नोंद आहे.

– मीनल

प्रेषक: माई (नेपरव्हिल)
गुरुवार, रात्री

अगं मीनल, पोहे मी आणते, पण एक अट. चिवड्याच्या पिशव्या कोणी आणायच्या नाहीत. मे महिन्यात त्या कुरकुरीने अख्खं झुडूप रिकामं केलं होतं. आणि फोनवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलवू नका रे बाबांनो. रात्रभर उडून आलेला जीव, त्याला चार किडे खाऊ द्या.

जॅक्सन पार्कच्या पाण्यात ऑक्टोबरमध्ये कूट असतात. आपल्याकडे कूटला वारकरी म्हणतात हे नातवाला सांगितलं तर म्हणतो, आजी, मग ते पंढरपूरला का जात नाहीत? उत्तर असेल तर कळवा.

– माई

प्रेषक: लूपमधला (डाउनटाउन) एक जण
शुक्रवार, सकाळी

मी सहलीला येऊ शकत नाही, पण एक सांगतो. ऑफिसला जाताना फूटपाथवर काचेवर आपटून पडलेले पक्षी या महिन्यात हमखास दिसतात. ५ ऑक्टोबर २०२३ ला मॅककॉर्मिक प्लेस या संमेलन-केंद्राच्या लेकवरच्या एकाच इमारतीखाली जवळजवळ हजार मेलेले पक्षी सापडले होते. फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलर्ड १९७८ पासून तिथले पक्षी उचलून नोंदवत आले आहेत, त्यांनाही असा दिवस नवा होता. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली, आणि त्या शरदात मरणाऱ्यांची संख्या सुमारे ९५ टक्क्यांनी खाली आली. नुसते ठिपके!

तर ज्यांच्या घरी मोठ्या काचा आहेत त्यांनी शनिवारी रात्री दिवे लवकर मालवा. जिवंत पण गुंगलेला पक्षी सापडला तर पाणी पाजू नका. कागदी पिशवीत ठेवून तोंड दुमडा, अंधारात शांत राहू द्या आणि शिकागो बर्ड कोलिजन मॉनिटर्सना (काचेवर आपटलेले पक्षी वाचवणारे स्वयंसेवक) फोन करा.

प्रेषक: अप्पा (स्कोकी)
रविवार, संध्याकाळी

मंडळी,

वृत्तांत मीनल लिहिणार होती, पण तिचा घसा बसला आहे (भोंडला), म्हणून मी.

मी पावणेआठला पोचलो. कोणीही काही बोललं नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. थंडी अशी की पोहे डब्यातून ताटलीत येईपर्यंत गार. गवतात काहीतरी सारखं हलत होतं, मला वाटलं पानं. ती पानं नव्हती. गोल्डन-क्राउन्ड किंगलेट. वजन पाच-सहा ग्रॅम, म्हणजे इथल्या पाच सेंटच्या नाण्याएवढं. डोक्यावर पिवळी रेघ, शेजारी काळ्या रेघा, जणू कोणी बारीक काडीने ओढलेल्या. त्यातला एक माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर आला. मी दुर्बीण उचलली तर इतक्या जवळचं दिसेना, खाली ठेवली. तो बुटाच्या नाडीजवळचा किडा टिपून पुढे गेला. मी बहुधा दोन मिनिटं श्वास घेतला नाही.

पिवळ्या बुडाचे वॉर्बलर इतके की शेवटी कोणी मोजेना. पोरांना ते नाव मराठीत सांगितल्यावर सकाळभर तेच. पांढऱ्या गळ्याचे स्पॅरो पाहिले. मीनल, पट्टे मान्य. सॅपसकर नावाच्या सुतारपक्ष्याने एका झाडाला भोकांच्या इतक्या सरळ ओळी पाडल्या होत्या की मला माझं दुरेघी वही गिरवणं आठवलं. हर्मिट थ्रशला माई कस्तुर म्हणाल्या, कुळाने तो कस्तुरच म्हणे. शेपूट झटकन वर उचलून सावकाश खाली सोडतो. ही एवढी खूण मी आता विसरणार नाही.

नऊ वाजता बहिरी ससाणा आला आणि अख्खं टोक एकदम गप्प झालं. आपली मंडळीसुद्धा. मंडळाच्या सर्वसाधारण सभेत हा पक्षी आणता आला तर बघा.

मॉन्ट्रोजच्या वाळूवर २०१९ पासून तीन वर्षं पायपिंग प्लोव्हर या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांची जोडी, माँटी आणि रोझ, घरटं करत होती. त्यांची जागा पाहिली. पक्षी अर्थात नव्हते, माँटी २०२२ मध्येच गेला आणि रोझ परतलीच नाही. तरी दोन बायका दोरीपाशी उभ्या राहून जुने फोटो एकमेकींना दाखवत होत्या. अनोळखी, मराठी नव्हत्या. माईंनी त्यांनाही पोहे दिले.

जॅक्सन पार्कला आम्ही सातच जण गेलो, बाकीच्यांना हात-पाय शेकायचे होते. वारकरी होते, पंधरा-वीस, काळे अंग, पांढरी चोच, मान पुढेमागे करत पाण्यात संथ. नातवाचा प्रश्न सगळ्यांसमोर निघाला. माझं म्हणणं, पाण्यात आहेत तोवर चंद्रभागाच समजायची. त्याला ते पटलेलं नाही.

एक काम आहे. माझ्या स्टीलच्या थर्मासचं झाकण मॉन्ट्रोजहून कोणाच्या तरी पिशवीत गेलं आहे. त्यावर आतून खिळ्याने ‘अ’ कोरलेला आहे. पुढच्या शनिवारी आणून द्या, आणि मीनल, पुढच्या शनिवारचा वारा कुठला ते आधी सांग.

– अप्पा