मदत हवी आहे: मोरोक्कोत मोटरहोमने मिदेल्त ते मर्झुगा, एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा, बायको आणि मी जर्मनीहून भाड्याचं मोटरहोम घेऊन मोरोक्कोत आलोय. आज फेसहून मिदेल्तला पोचलो. जेमतेम दोनशे किलोमीटर, पण एका दिवसात तीन देश फिरल्यासारखं वाटलं. सकाळी इफ्रानची उतरती छपरं, मग अझरूचं देवदारांचं जंगल. तिथे एका माकडाने आईच्या हातातली दशमी अशी अलगद उचलली की ती रागवायचंच विसरली! पुढे २,१७८ मीटरवरचा झाद घाट ओलांडला आणि झाडं संपलीच. उघडंबोडकं माळरान, वारा इतका की आमची सात मीटरची गाडी डुलत होती.

उद्या झीझ नदीच्या घळीतून मर्झुगा, साधारण २६० किमी. बाबांना दर तासाला उतरून पाय मोकळे करावे लागतात. एका दमात जावं, की एर्राशिदियाच्या पुढे खजुराच्या बागांत मुक्काम करावा? मर्झुगात वाळूच्या टेकड्यांजवळ गाडी न रुतता कुठपर्यंत नेता येते?

परतताना वर्झाझातहून तिझी न तिश्का घाटामार्गे (२,२६० मीटर) मराकेशला यायचंय. एवढी लांब गाडी तिथे कोणी चालवलीये का?

आणि सगळ्यात तातडीचं: आमचा रेग्युलेटर इथल्या सिलिंडरला बसत नाही. अडॅप्टर कुठल्या दुकानात मागायचा? गॅस दोन दिवसांपुरताच उरलाय, आणि चहाशिवाय बाबा म्हणजे... असो.